२७ मेगाहर्ट्झचा जुना सीबी अँटेना दहा मीटर पट्ट्यासाठी वापरायचा आहे : हात लावावा की आहे तसाच ठेवावा?

नंदनवनकर (धागाकर्ता) :

नमस्कार मंडळी. यंदा मला हौशी रेडिओचा रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना मिळाला आणि परवान्यापाठोपाठ अँटेनाचा प्रश्न उभा राहिला. तयार अँटेना खिशाला झेपणारा नव्हता, म्हणून मार्चमध्ये इथे नागपुरात इतवारीतल्या एका भंगारवाल्याकडे चौकशी केली, तर त्याच्याकडे ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा एक जुना सीबी (सिटिझन बँड, म्हणजे सर्वसामान्यांसाठीचा २७ मेगाहर्ट्झचा रेडिओ पट्टा) अँटेना निघाला. त्याने तो किलोच्या भावाने दिला आणि त्याच्यासोबत गुंडाळून ठेवलेली सुमारे २५ मीटर आरजी-५८ (अँटेना सेटला जोडणारी बारीक) केबल फुकटच देऊन टाकली. बुडाच्या पट्टीवर ‘२७ मेगाहर्ट्झ’ एवढेच आता वाचता येते.

उभा भाग चार नळ्यांचा असून त्या एकात एक सरकतात, आणि त्याची एकूण लांबी ६.६९ मीटर भरते. बुडाशी प्लास्टिकच्या टोपणाखाली जाड तारेची कॉइल आहे, आणि आडव्या तीन रेडियलपैकी (बुडातून बाहेर निघणाऱ्या दांड्यांपैकी) प्रत्येकाची लांबी २.७५ मीटर आहे. मी तो गच्चीवर तीन मीटरच्या जीआय पाइपवर उभा केला, भंगारवाल्याचीच केबल खोलीपर्यंत आणली आणि मित्राच्या नॅनोव्हीएनएने (अँटेना तपासण्याच्या छोट्या उपकरणाने) खालून मोजमाप घेतले. २७.२ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर (अँटेनाची जुळणी किती चांगली आहे त्याचे माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.१ आला, २८.० वर १.३, २८.४ वर १.४ आणि २९.० वर १.५.

आता माझा प्रश्न असा आहे की मूळचा सीबीचा अँटेना जर दहा मीटर पट्ट्यात (२८ मेगाहर्ट्झपासूनच्या हौशी पट्ट्यात) १.५ च्या वर जातच नसेल, तर त्याची लांबी बदलण्याच्या भानगडीत मी पडावे का? दुसरी गोष्ट म्हणजे गेला आठवडाभर मी ऐकतो आहे, पण दुपारी दोन-चार क्षीण आवाजांपलीकडे काही हाती लागलेले नाही. पट्टाच बंद आहे की माझे काही चुकते आहे, हे कळत नाही.

धरमपेठी :

अभिनंदन, भाऊ. माझे मत विचाराल तर काहीही करू नका. एसडब्ल्यूआर १.५ असताना परत येणारी शक्ती फक्त ४ टक्के असते, आणि २ असला तरी ११ टक्क्यांच्या आसपास. एवढ्यासाठी या उन्हात गच्चीवर चढून नळ्या सरकवण्यात अर्थ नाही. सेट लावा आणि बोलायला लागा.

टेकडीवरचा :

धरमपेठी यांनी दिलेले टक्के बरोबर आहेत, पण मला हे आकडे फार गोड वाटतात आणि म्हणूनच खटकतात.

आपण दिलेल्या लांबीवरून हा पाच अष्टमांश तरंगलांबीचा अँटेना दिसतो. सीबीच्या मधल्या वाहिनीवर, म्हणजे २७.१८५ मेगाहर्ट्झवर, पूर्ण तरंगलांबी ११.०३ मीटर येते आणि तिचा पाच अष्टमांश ६.८९ मीटर. नळीच्या जाडीमुळे प्रत्यक्ष लांबी थोडी कमी ठेवावी लागते, तेव्हा ६.६९ हा आकडा अगदी जुळतो. असा अँटेना २७.२ वर उत्तम लागला तर त्यात नवल नाही, पण २९.० वर, म्हणजे जवळपास दोन मेगाहर्ट्झ वर गेल्यावरही तो १.५ दाखवत असेल, तर ते मला पटत नाही. धावताना आणि झोपेत ज्याची नाडी सारखीच लागते, त्याच्या प्रकृतीचे कौतुक करण्याआधी नाडी पाहणाऱ्याचा हात तपासावा.

एक सोपी गोष्ट करा. गच्चीवर जाऊन केबल अँटेनापासून सोडवा, तिचे वरचे टोक उघडेच राहू द्या आणि खाली येऊन २८.४ वर पुन्हा मोजा. काय येते ते इथे लिहा.

नंदनवनकर :

काका, केले. अँटेना काढून टाकला, केबलचे टोक हवेत उघडे आहे, आणि तरीही एसडब्ल्यूआर १.९ दाखवतो आहे! उपकरण बिघडले असेल असे वाटून ओपन, शॉर्ट आणि ५० ओहमच्या लोडवर पुन्हा कॅलिब्रेशन केले. आकडा तोच आला.

टेकडीवरचा :

उपकरण ठीक आहे. केबल गेलेली आहे.

उघड्या टोकापासून सगळीच्या सगळी शक्ती परत यायला हवी, आणि खाली एसडब्ल्यूआर खूप मोठा दिसायला हवा. आपल्याला १.९ दिसतो, याचा अर्थ निघालेली लहर वर जाऊन खाली येईपर्यंत वाटेतच बहुतेक विरून जाते. १.९ एसडब्ल्यूआर म्हणजे सुमारे १०.२ डेसिबल रिटर्न लॉस (परत आलेली लहर निघालेलीपेक्षा किती क्षीण आहे त्याचे माप). ही जाण्यायेण्याची बेरीज आहे, म्हणून एका दिशेचा तोटा ५.१ डेसिबल झाला. २५ मीटर नव्या आरजी-५८ मध्ये या वारंवारतेला साधारण २ डेसिबल जातात, आपल्याकडे त्याच्या अडीचपट जातात. परवान्याच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे ५० वॉट, आपण पाठवले तर त्यातले जेमतेम १५ वॉट अँटेनाच्या बुडाशी पोहोचतात आणि उरलेले केबल तापवण्यात खर्च होतात. ऐकतानाही हीच चाळणी आड येते, त्यामुळे पट्टा बंद असल्याची आपली शंका निम्मी तरी इथेच फिटावी.

आता याच हिशेबाने उलटे जाऊ. खाली १.४ दिसतो, त्यातून केबलचा हा १०.२ डेसिबलचा पडदा काढला तर प्रत्यक्ष अँटेनापाशी २८.४ वर एसडब्ल्यूआर ३ च्या घरात असला पाहिजे. ३ ला परत येणारी शक्ती २५ टक्के असते. म्हणजे ‘हात लावायचा की नाही’ या आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर ‘लावायचा’ असे आहे, पण आधी केबलला.

धरमपेठी :

माझा सल्ला मी मागे घेतो. उघड्या टोकाची ही चाचणी मला माहीत होती, पण चांगला आकडा दिसल्यावर ती करावीशी वाटत नाही हेही तितकेच खरे आहे.

नंदनवनकर :

केबलचे वरचे टोक कापून पाहिले. काळे आवरण बाहेरून धडधाकट होते, पण आतली तांब्याची जाळी काळीठिक्कर पडली होती आणि कनेक्टरजवळ तिच्यावर हिरवा थर चढला होता. एक मीटर कापले, तिथेही काळी. पाच मीटरवर कापले, तिथेही तेच. मग कापणे थांबवले. सीताबर्डीहून आरजी-२१३ ची (अधिक जाड) २५ मीटर केबल आणली. अँटेना ज्या पैशात आला त्याच्या कितीतरी पट पैसे केबलला गेले, आणि घरी या हिशेबाची चर्चा झाली ती इथे लिहीत नाही.

आज पहाटे साडेपाचला, ऊन चढण्याआधी, गच्चीवर अँटेनाच्या बुडाशीच नॅनोव्हीएनए जोडून मोजले. २७.२ वर १.३, २८.० वर २.२, २८.४ वर बरोबर ३ आणि २९.० वर ४.५. काकांनी खोलीत बसून सांगितलेला आकडा गच्चीवर जसाच्या तसा निघाला.

वर्धारोडवाला :

एक बाळबोध शंका. केबल नवी आलीच आहे, तर खोलीत सेटजवळ ट्यूनर लावून हा ३ चा १ करता येणार नाही का? माझ्याकडे तसा ट्यूनर पडून आहे.

टेकडीवरचा :

येईल, आणि सेट समाधानाने पूर्ण शक्ती देईल. पण ट्यूनर फक्त सेटची समजूत घालतो. त्याच्यापासून अँटेनापर्यंतच्या केबलमध्ये परावर्तित लहर तशीच ये-जा करत राहते. चांगल्या, जाड आणि आखूड केबलवर एसडब्ल्यूआर ३ असला तर २८ मेगाहर्ट्झला जादाचा तोटा किरकोळ असतो, तेव्हा तात्पुरती सोय म्हणून हरकत नाही. मात्र ज्या अँटेनाच्या नळ्या मुळातच सरकणाऱ्या आहेत, त्याला ट्यूनरच्या कुबड्या देण्याचे कारण मला दिसत नाही.

वर्धारोडवाला :

मग आणखी एक बोलतो, राग मानू नये. २८.४ साठी तारेचा अर्धतरंग डायपोल पाच मीटरचा होतो, म्हणजे अडीच-अडीच मीटरचे दोन हात. दोन खांबांना दोरीने बांधला की काम झाले. या भंगाराच्या मागे एवढा वेळ का घालवावा?

टेकडीवरचा :

राग कशाचा, हा प्रश्न योग्यच आहे, आणि ज्याच्याकडे जुना अँटेना नाही त्याला मी डायपोलच सांगेन. आडव्या डायपोलचा मोठा गुण म्हणजे तो शांत असतो, कारण घरगुती उपकरणांचा कचरा उभ्या अँटेनात जास्त शिरतो. उलट उभा अँटेना चारही दिशांना सारखा चालतो आणि छोट्या गच्चीवर, फार उंची नसतानाही, क्षितिजालगतच्या कमी कोनात बरी शक्ती देतो. दूरच्या संपर्कांना तोच कोन लागतो. सीबीच्या जुन्या जाहिरातींमध्ये पाच अष्टमांशाला मोठमोठे डेसिबल चिकटवलेले असत, ते मात्र मनावर घेऊ नयेत. खऱ्या जमिनीवर, खऱ्या गच्चीवर, पाव तरंगाच्या उभ्या अँटेनापेक्षा त्याचा फायदा बेताचाच असतो.

इतवारीकर :

नळ्यांना हात लावण्याआधी माझी चूक ऐका. माझ्याकडेही असाच एक अँटेना होता. सूत्र मांडले, २८.४ साठी किती लांबी हवी ते काढले, आणि वरची नळी सरळ आरीने कापून टाकली. कापल्यावर लक्षात आले की मी पाच अष्टमांशाऐवजी पुस्तकातले अर्धतरंगाचे सूत्र वापरले होते. कापलेले ॲल्युमिनियम पुन्हा वाढत नाही. तेव्हा आधी आत सरकवा, मोजा, पुन्हा सरकवा.

सूत्राऐवजी प्रमाण वापरले तर अशी चूक होत नाही. अँटेना आज २७.२ वर लागतो आणि २८.४ वर हवा आहे, तर २७.२ ला २८.४ ने भागले की ०.९५८ येतात, ६.६९ मीटरला त्याने गुणले की ६.४१ मीटर. म्हणजे साधारण २८ सेंटीमीटर कमी करायचे आहेत. तो पाव तरंगाचा आहे की पाच अष्टमांशाचा, याच्याशी या हिशेबाला देणेघेणे नाही.

नंदनवनकर :

इतवारीकर, आपला इशारा वेळेवर आला, कारण मी आरी काढून ठेवलीच होती. पण सरकवायचे कसे हाच प्रश्न पडला. वरून दुसरी आणि तिसरी नळी इतकी वर्षे एकमेकींत राहून जाम झाली आहे. दोघांनी दोन बाजूंनी पिळूनही हलेना.

इतवारीकर :

सांध्यात गंज सोडवणारे तेल घालून एक रात्र आडवे ठेवा. दुसऱ्या दिवशी नुसते ओढू नका, आधी गोल फिरवा, थोडे तेल पुन्हा सोडा, आणि मगच मागेपुढे करा. पाइप पाना थेट लावाल तर नळी चेपेल, मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. तरीही नाही सुटली तर सोडून द्या. सगळी लांबी सर्वांत वरच्या बारीक नळीतून कमी केली तरी चालते.

सुटल्यावर मात्र सांधे तसेच जोडू नका. ॲल्युमिनियमवर चढणारा ऑक्साइडचा थर दिसत नाही, पण तो वीज नीट जाऊ देत नाही. आतली आणि बाहेरची बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा, सांध्यांचे वंगण लावा आणि साध्या लोखंडी क्लिपांऐवजी स्टेनलेस स्टीलच्या होज क्लिपा वापरा. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकत्र भिजले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

नंदनवनकर :

दोन रात्रींनी एक सांधा सुटला, दुसरा नाहीच सुटला. सर्वांत वरची नळी आणि तिच्या खालची, अशा दोन ठिकाणी मिळून लांबी कमी केली. एका दमात २८ सेंटीमीटर न करता तीन टप्पे घेतले. पहिल्या १० सेंटीमीटरला सर्वांत कमी एसडब्ल्यूआरची जागा २७.६ वर आली, पुढच्या १० ला २८.० च्या किंचित वर, आणि शेवटच्या ८ ला २८.४ वर. हिशेब आणि नळी यांचे इतके एकमत होईल असे वाटले नव्हते.

मात्र दोन गोष्टी अडल्या. पहिली म्हणजे २८.४ वर जागा आली तरी तिथला आकडा १.५ आहे, मूळचा १.३ होता. दुसरी अधिक विचित्र आहे : केबलला हात लावला, किंवा ती गच्चीच्या कठड्यावरून थोडी हलवली, की पडद्यावरची रेघ नाचते.

धरमपेठी :

पहिल्याचे कारण उघड आहे. रेडियल आपण तसेच ठेवलेत. त्यांनाही त्याच प्रमाणात आखूड करा, २.७५ चे २.६३ मीटर होतील.

टेकडीवरचा :

रेडियल जरूर आखूड करा, प्रमाण पाळलेले बरे, पण माझा अंदाज असा आहे की त्याने फार फरक पडणार नाही. कॉइलकडे बघा. पाच अष्टमांशाच्या नळीचे बूड कॅपॅसिटिव्ह (कपॅसिटरसारखे वागणारे) असते आणि ते फेडण्यासाठीच कॉइल दिलेली असते. आपण वारंवारता साडेचार टक्क्यांनी वर नेली, नळी तेवढीच आखूड केली, म्हणून नळीचा स्वभाव जवळपास तोच राहिला. पण कॉइल जुनीच आहे आणि वरच्या वारंवारतेला तिची रिॲक्टन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा) तेवढ्याच टक्क्यांनी वाढली. केबलचा मधला तार कॉइलच्या ज्या वेढ्याला जोडला आहे, तो टॅप पाव वेढ्याच्या हिशेबाने सरकवून पाहा. टोपण उघडलेच आहे तर आतल्या प्लास्टिकवर कोळशासारखी काळी रेघ उमटली आहे का, तेही बघून घ्या. सीबीसाठी बनवलेली कॉइल थोड्या वॉटसाठी असते. ५० वॉट सहसा सहज निभावते, पण जळकी रेघ असेल तर नाही.

रेघ नाचण्याचे कारण वेगळे आहे. केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून प्रवाह वाहतो आहे आणि केबलच अँटेनाचा चौथा पाय झाली आहे. ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा एक तुकडा घ्या, त्याच्यावर नव्या आरजी-५८ च्या अडीच मीटर तुकड्याचे सहा वेढे एकाशेजारी एक गुंडाळा आणि अँटेनाच्या बुडाला लागून जोडा. आरजी-२१३ इतकी तीव्र वाकवू नये, म्हणून बारीक केबलचा तुकडा सांगतो आहे. हा चोक (बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारी गुंडाळी) लावल्याशिवाय टॅप हलवू नका, नाहीतर आपण अँटेनाचे नव्हे, केबलच्या त्या दिवशीच्या बैठकीचे ट्यूनिंग कराल.

नंदनवनकर :

चोक लावला आणि रेघ स्थिर झाली. आता केबल हातात धरली तरी आकडा हलत नाही. रेडियल आखूड केले, १.५ चा १.४ झाला. टॅप अर्ध्या वेढ्याने सरकवला, १.२ झाला. काका, आपल्या अंदाजाला दाद देतो. जळकी रेघ नव्हती, एका कोळ्याचे जाळे तेवढे होते.

मी २८.४ का निवडले तेही लिहून ठेवतो, कारण मला हे कुणी तरी विचारेलच. दहा मीटर पट्टा २८.० ते २९.७ मेगाहर्ट्झ असा लांबच लांब आहे आणि हा अँटेना तो सगळा सांभाळू शकत नाही. एफटी-८ चे (संगणकावरून होणाऱ्या संपर्कांचे) काम २८.०७४ वर चालते आणि आवाजी संपर्क बहुतेक २८.३ ते २८.६ च्या दरम्यान होतात, म्हणून मधली जागा घेतली. आता २८.०७४ वर १.५ येतो, तो मला चालतो. २९.६ च्या आसपासच्या एफएमसाठी कुणी हे करत असेल तर त्याने अर्थातच आणखी आखूड करावे.

वर्धारोडवाला :

एक कायद्याचा प्रश्न. अँटेना अजून २७ वरही थोडाफार चालत असणार. मग त्यावर सीबीच्या वाहिन्यांवरही बोलता येईल का?

टेकडीवरचा :

नाही. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ च्या नियमांनी कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मुक्त केलेला आहे, पण ती सूट त्या उपकरणांना आहे, आपल्या हौशी सेटला नाही. आपला परवाना हौशी पट्ट्यांपुरता आहे आणि दहा मीटर २८.० ला सुरू होतो. ऐकणे आणि नॅनोव्हीएनएने मोजणे यापलीकडे २७ वर आपले काही काम नाही.

इतवारीकर :

आता दोन गोष्टी ज्या एसडब्ल्यूआरपेक्षा महत्त्वाच्या आहेत, आणि ज्या या धाग्यात अजून कुणीही काढलेल्या नाहीत.

हा अँटेना उभा करताना किंवा उतरवताना आपल्या हातात साडेसहा मीटरचा धातूचा दांडा असतो. गल्लीतून जाणाऱ्या ११ केव्हीच्या तारा गच्चीपासून किती दूर आहेत ते आधी पाहा. अँटेना पाइपसकट ज्या बाजूला पूर्ण आडवा पडू शकतो, त्या वर्तुळात एकही तार नको. एकट्याने उभारू नका आणि वारा असताना तर मुळीच नको. ताण म्हणून नायलॉनची दोरी तीन बाजूंना बांधा, तार वापरू नका. संक्रांतीच्या दिवसांत मांजा अडकून पोरे ती ओढतील, हेही धरून चाला. माझ्या वरच्या नळीचा बाक अशाच एका पतंगाची देणगी आहे.

दुसरी गोष्ट विजेची. रोहिणी-मृगाची वादळे आता तोंडावर आहेत. पाइपला जाड तांब्याच्या तारेने अर्थ द्या आणि ती तार घरात न आणता बाहेरून सरळ खाली न्या. काळ्या मातीत उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात आणि अर्थची सळई मातीपासून सुटी होते, म्हणून तिच्या खड्ड्यात पाणी घालत राहा. पश्चिमेकडे, जिथे मुरमाखाली लगेच काळा पाषाण लागतो, तिथे सळई पुरेशी खोल जातच नाही, त्यामुळे एकाऐवजी दोन-तीन ठोकून जोडाव्या लागतात. हे सगळे करूनही ढग वाजू लागले की केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर ठेवायची. अर्थ दिलेला अँटेना म्हणजे विमा नव्हे.

नंदनवनकर :

अर्थ झाला, ताण बांधले. ११ केव्हीची तार आमच्या मागच्या बाजूला आहे, म्हणून पाइप गच्चीच्या पुढच्या कोपऱ्यात हलवला.

आता नवीच अडचण आली आहे. सकाळी सहा-सातला पट्टा शांत असतो. दहानंतर एस-७ (सेटच्या सिग्नल-मापकावर ७) एवढी घरघर सुरू होते आणि संध्याकाळपर्यंत थांबत नाही. नेमक्या ज्या वेळात पट्टा उघडतो त्याच वेळात.

धरमपेठी :

मे महिना, नागपूर, सकाळी दहा. कूलर!

सेट बॅटरीवर चालवा आणि घराची मेन स्विच बंद करा. घरघर गेली तर दोष घरात आहे. मग एकेक एमसीबी चालू करत जा. पाण्याचा पंप किंवा मोटर सहसा निर्दोष असते. बहुतेक वेळा पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हा चोर असतो, कारण तो प्रत्येक लहर मध्येच कापून वेग कमी करतो आणि त्या कापण्यातून रेडिओचा कचरा उडतो. एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हरही यात असतात.

नंदनवनकर :

धरमपेठी, बरोबर निघाले, पण अर्धेच. आमच्या कूलरचा रेग्युलेटर बदलून पायऱ्यापायऱ्यांनी फिरणारा जुना रेग्युलेटर लावला आणि एस-७ चे एस-५ झाले. उरलेला एस-५ शेजारच्या घरातून येतो. शेजारच्या काकूंकडे जाऊन ४५ अंशांत त्यांचा कूलर पाच मिनिटे बंद करण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती विसरणे कठीण आहे. पाचच मिनिटे बंद केला, आणि घरघर थांबली. रविवारी त्यांचाही रेग्युलेटर माझ्या खर्चाने बदलून दिला. आता एस-२.

या निमित्ताने वर्धारोडवाला यांचा पाच मीटरचा तारेचा डायपोलही बांधून पाहिला. घरघर असताना तो खरोखरच उभ्या अँटेनापेक्षा शांत होता. घरघर गेल्यावर दूरची स्टेशने मला बहुतेक वेळा उभ्यावर अधिक चांगली लागतात. दोन्ही ठेवणार आहे.

टेकडीवरचा :

आता ऐकून पाहायला एक चांगली कसोटी सुचवतो. २८.२०० मेगाहर्ट्झवर जगभरातले अठरा बीकन (आपोआप खूण पाठवणारी केंद्रे) आळीपाळीने वाजतात, प्रत्येकाला दहा सेकंद, म्हणजे तीन मिनिटांत एक फेरी. प्रत्येक बीकन आधी आपले चिन्ह मोर्समध्ये देतो आणि मग एकेक सेकंदाचे चार लांब स्वर, पहिला १०० वॉटचा, दुसरा १० चा, तिसरा १ चा आणि चौथा एक दशांश वॉटचा. त्यांतला फोर-एस-सेव्हन-बी हा श्रीलंकेत आहे, नागपूरहून सरळ दक्षिणेला सुमारे १,६०० किलोमीटर. मे ते जुलैमध्ये स्पोरॅडिक-ई थर (वातावरणात वर अधूनमधून तयार होणारा, रेडिओलहरी परत फिरवणारा) तयार झाला की एवढे अंतर एका उडीत पार होते. मोर्स येत नसेल तरी वेळापत्रक पाहून घड्याळावरून तो ओळखता येतो.

तसेच, ऐकण्याचे पुढे ढकलू नका. नासा आणि नोआ (अमेरिकेची महासागर व हवामान संस्था) यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सूर्य कमाल टप्प्यात पोहोचल्याचे जाहीर केले होते. चक्र सुमारे अकरा वर्षांचे असते, आणि उतरणीला लागल्यावर दहा मीटर पट्टा एफ थरातून (सूर्यामुळे भारित होणाऱ्या वरच्या थरातून) वर्षेच्या वर्षे झोपून राहू शकतो.

नंदनवनकर :

काल सकाळी अकराच्या सुमारास फोर-एस-सेव्हन-बी ऐकला. चिन्ह मला वाचता आले नाही, पण वेळापत्रकातल्या त्याच दहा सेकंदांत, लागोपाठ पाच फेऱ्यांमध्ये. पहिला स्वर खणखणीत, दुसरा स्पष्ट, आणि दोन फेऱ्यांत तिसराही, म्हणजे एक वॉटचा, कानाला लागला. जुनी केबल असती तर त्या तिसऱ्याच्या वाट्याला आणखी चार डेसिबलची चाळणी आली असती.

टेकडीवरचा :

उत्तम. आता पाऊस येण्याआधी एक काम करून ठेवा. नवी केबल चोकपासून सोडवून, टोक उघडे ठेवून, खालून एकदा मोजा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा. पीएल-२५९ कनेक्टर पाणी अडवत नाही, तेव्हा जोडताना त्यावर स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा आणि तिच्यावर साधी काळी टेप. दिवाळीला पुन्हा मोजा. उघड्या टोकाचा आकडा खाली आला असेल तर पाणी शिरले.

नंदनवनकर :

मोजले. उघड्या टोकाला २८.४ वर एसडब्ल्यूआर ९.७. इतका मोठा एसडब्ल्यूआर पाहून आनंद होण्याची ही माझी पहिलीच वेळ. कॉइलच्या टोपणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि आकडा लिहिला आहे. वर्धारोडवाला, नॅनोव्हीएनए या रविवारपर्यंत माझ्याकडेच आहे. आपला डायपोल मोजायचा असेल तर सकाळी सातच्या आत या, त्यानंतर आमच्या गच्चीवर पाय ठेवता येत नाही.